मूठभर जवळ्याची लेक

जमनाताईच्या अंगणवाडीत एकही मूल गोंडस नव्हतं. गुटगुटीत तर नव्हतंच. मी पर्यवेक्षिका म्हणून पहिल्यांदा झाईला गेले, तेव्हा ती मुलांची वजनं करत होती. एकेकाला हाक मारत होती ती अशी, "ये रे काळ्या. ये गं शेंबडे. ह्या मरतुकड्याला आणा इकडं." मरतुकडा म्हणून जे पोर पुढे आलं, त्याच्या मांड्यांना वळ्या पडल्या होत्या. काट्यावर त्याचं वजन चांगलं भरलं. जमनाताईने तोंड वाकडं केलं आणि त्याच्या आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "कसलं वजन, हवा भरलीय नुसती." मग माझ्या कानाशी वाकून खरा आकडा सांगितला.

मी तेव्हा नुकतीच ट्रेनिंग करून आलेली. डोक्यात सगळी पुस्तकं ताजी. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "ताई, मुलांशी असं बोलायचं नसतं. त्यांच्या मनावर परिणाम होतो."

"मग काय आरती ओवाळू?" ती म्हणाली. "बाय, तू नवीन हायस. बस नी खिचडी खा."

कागदावर मी तिची साहेब होते. डहाणू-तळासरीकडच्या बाकी सगळ्या सेविका मला मॅडम म्हणायच्या, दोन पावलं मागे उभ्या राहायच्या. ही पहिल्या दिवसापासून बाय म्हणाली, आणि यंदा मी निवृत्त झाले तोपर्यंत तिने त्यात बदल केला नाही. मला राग येत असे. माझा स्वभावच मुळात रागीट आहे, घरचे सांगतील. पण खिचडी मी खाल्ली, आणि ती चांगली होती.

झाई म्हणजे आपल्या बाजूचं शेवटचं गाव. पुढे गुजरात. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, मागे चिकूच्या वाड्या, आणि बायकांच्या तोंडी अर्धी मराठी अर्धी गुजराती. जमनाताई तिथलीच, मासळी विकणाऱ्या आईची मुलगी. उंच, हाडापेराने रुंद, पदर कमरेला घट्ट खोचलेला. बाजारात कमावलेला आवाज तिने अंगणवाडीतही तसाच वापरला. ती गल्लीच्या टोकावर उभी राहून ओरडली की शेवटच्या घरातली बाई हातातलं काम टाकून यायची.

मुलांसाठी, गरोदर बायांसाठी सरकारकडून जे जे येतं, त्या सगळ्याला तिचा एकच शब्द होता, वाटा. बोटीवरून मासळी उतरली की बोट हाकणाऱ्या तांडेलाचा वाटा, खलाशाचा वाटा ठरलेला असतो, कोणी दया म्हणून देत नाही. तसा हा पोरांचा वाटा. शिधा असो, गरोदरपणातलं जेवण असो, मुलगी झाली म्हणून तिच्या नावाने टप्प्याटप्प्याने मिळणारे पैसे असोत. कोणी बाई लाजून म्हणाली, "ताई, नको, आमचं भागतं," की ही उखडायची. "तुझं भागतं गं. पोटातल्याचा वाटा तू कोण सोडणार?"

गरोदर बायांना मिळणारं अंडं ती घरी नेऊ देत नसे. घरी गेलं की ते नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या ताटात जातं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे अंडं तिच्यासमोरच खायचं, आणि खाऊन झाल्यावर तोंड उघडून दाखवायचं. एक बाई अंडं गालात धरून निघाली होती, मोठ्या मुलीला द्यायला. जमनाताईने तिला दारातून परत आणलं, खाली बसवलं, गिळायला लावलं. मग स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि बोंबलाचं सुकं त्या मुलीसाठी बांधून दिलं. दोन्ही वेळा सारख्याच रागाने. शिव्या देता देता ती हे सगळं करायची, म्हणून लोकांना वाटायचं ती कठोर आहे.

मुलांचं कौतुक मात्र ती करत नसे आणि कोणाला करू देत नसे. एकदा जिल्ह्याहून मोठे साहेब आले होते. हसरे गृहस्थ, हौशी. त्यांनी दारातच एक गुबगुबीत पोर उचललं आणि म्हणाले, "वा, काय तब्येत आहे हो. कोणाचं हे?"

पोराची आई पुढे व्हायच्या आत जमनाताई मध्ये घुसली. "तब्येत कसली साहेब, सूज हाय ती."

साहेब घाबरले. पोराला खाली ठेवलं, मला म्हणाले, "मॅडम, हे आजच्या आज डॉक्टरांना दाखवा." मला त्या धडधाकट पोराला घेऊन खरोखर तळासरीला जावं लागलं. डॉक्टर हसले. परत येताना मी जीपमध्ये मनातल्या मनात जमनाताईला काय काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला चांगलं फैलावर घेतलं. ती ताटल्या विसळत ऐकत राहिली. मग म्हणाली, "साहेबांनी कोणाचं म्हणून विचारलं ना. ते दारात उभं राहून मोठ्यानं सांगायचं नाय, बाय. ऐकतं."

"कोण ऐकतं?"

"चहा घे," ती म्हणाली.

ती मुलं विकत घेते, हे मला बरंच उशिरा कळलं. आधी मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नसतं. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, ती नवं बाळ सुपात घालून दुसरीच्या दारात आणते आणि विकते. किंमत क्षुल्लक लागते, म्हणजे वस्तू क्षुल्लक ठरते. कुठे मूठभर कोंडा, कुठे चिमूटभर मीठ. झाईत मूठभर सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. विकत घेणारी ते बाळ आपलं म्हणून घेते, त्याला धोंडी, भिक्या असलं काहीतरी नाव ठेवते आणि सख्ख्या आईच्याच ओटीत परत घालते. दाई म्हणून. तिने दूध पाजायचं, न्हाऊ घालायचं, पण हे मूल आपलं असं चुकूनही म्हणायचं नाही. मूल जरा तगलं, जावळ काढलं, की आईने नारळ आणि साडी देऊन परत घ्यायचं. ही रीत बऱ्याच ठिकाणी असेल. पण झाईत मूल विकायला सगळ्या बायका एकाच दारात यायच्या, जमनाताईच्या. तिच्या घरात स्वतःचं मूल नव्हतं. नवरा समुद्रावर गेलेला परत आला नव्हता, त्यालाही जमाना झाला होता.

मी म्हटलं, "ताई, तू सरकारी सेविका. तू हे करतेस?"

"लस टोचतेच ना मी. ती पण देते नी हे पण. तुझं काय जातं?"

लता तिच्याकडे आली ती अशीच. नवरा वेरावळकडे बोटीवर खलाशी, वर्षातले बरेच महिने तिकडेच. आधीची दोन बाळं गेलेली. पहिलं पावसाळ्यात, दुसरं होळीच्या सुमाराला, दोन्ही झोपेत, काही कारण न कळता. तिसरी मुलगी झाली तेव्हा लताने तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. दवाखान्यातून घरी न जाता तशीच जमनाताईच्या दारात आली, सूप खाली ठेवलं आणि तोंड फिरवून उभी राहिली. जमनाताईने मूठभर जवळा तिच्या पदरात टाकला. मुलीचं नाव धोंडी ठेवलं.

इथपर्यंत ठीक होतं. पंचाईत पुढे झाली. मुलीच्या नावाने मिळणाऱ्या पैशांसाठी आईने सही करायची असते, ही माझी मुलगी म्हणून. लता करेना. घरी न्यायच्या शिध्यासाठी आता मोबाईलमध्ये आईचा चेहरा दाखवावा लागतो, मुलाच्या नावासमोर. लता पदर तोंडावर ओढून बसली. मी स्वतः तिच्या घरी गेले. अंगणात बोंबील पसरलेले, त्यांच्यामध्ये धोंडी पालथी पडलेली. मी सगळ्या भाषांत सांगून पाहिलं. गोडीत, मग चढ्या आवाजात.

लता म्हणाली, "मॅडम, मी दाई हाय. आईला विचारा."

"अगं, जन्म तू दिलास. दवाखान्यात तुझं नाव आहे."

"तिथं मी गप होते. तिथं कोणी मोठ्यानं विचारलं नाय." मग माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "ज्याच्यापासून लपवलीय, त्याला तोंड दाखवून सांगू, ही माझी म्हणून?"

उन्हात उभं राहून मी चरफडत होते, एवढंच.

आणि धोंडी वाळत चालली. दोन पावसाळी महिन्यांत ती एवढी उतरली की काट्याकडे बघवेना. जमनाताईने त्या वेळी पहिल्यांदा पोराला नावं ठेवली नाहीत. तशीच मुलीला उचलून लताचा हात धरला आणि डहाणूच्या दवाखान्यात घेऊन गेली, जिथे अशा मुलांना आईसकट ठेवून घेतात. आईला जेवण असतं, बुडालेल्या मजुरीपोटी थोडेफार पैसेही असतात.

दुपारी मला फोन आला. वॉर्डातली सिस्टर होती, आवाजावरून रडकुंडीला आलेली. "मॅडम, तुमच्या झाईच्या दोन बाया आल्यात. एक म्हणते मी आई नाही. दुसरी म्हणते मी आई आहे, पण तिला दूध नाही, ती म्हातारी आहे. मी कॉट कोणाला देऊ?"

मी गेले. धोंडी कॉटवर, डोळे मोठे, कातडी सैल. लता पायाशी जमिनीवर बसलेली. जमनाताई उशाशी, ताठ. डॉक्टर तरुण होते आणि वैतागले होते. "नक्की आई कोण आहे?" त्यांनी मला विचारलं, भरल्या वॉर्डात, मोठ्याने. लताने कानावर हात दाबून घेतले.

"मी," जमनाताई म्हणाली. "लिवा. आई जमना. ही दूध पाजायला ठेवलीय."

मी डॉक्टरांना बाहेर नेलं आणि सांगितलं, "तुम्ही दोघींना राहू द्या. दूध आहे तिला कॉट द्या, म्हातारीला सतरंजी द्या. बाकी मी बघते." ते भले होते, त्यांनी दिलं. मुलगी वाचवायची आहे की नातं ठरवायचं आहे, असंही मी त्यांना विचारलं असावं. मी अशा वेळी फार गोड बोलत नाही.

तिथे मी संध्याकाळपर्यंत थांबले. दिवे लागायच्या वेळेला जमनाताई उठली आणि वॉर्डाच्या दारात जाऊन उंबऱ्यावर बसली, तोंड बाहेर करून. झाईतही ती या वेळेला घराच्या दारात अशीच बसायची, मी पाहिलेलं होतं. मला वाटायचं, वाऱ्याला बसते. मी तिच्या मागे उभी होते. बाहेरचा पॅसेज रिकामा होता, टोकाशी एक बादली आणि पोछा, बस. जमनाताई त्या रिकाम्या पॅसेजकडे बघून साध्या आवाजात म्हणाली, "इथं पण आलास? एवढ्या लांब? जा घरी. ही बहीण हाय तुझी, आजारी हाय. हिला न्यायचं नाय."

मी देवालासुद्धा सणासुदीपुरतीच मानते. पण त्या वेळी मी पुढे जाऊन पॅसेजमध्ये डोकावले नाही. तिच्या मागेच उभी राहिले.

थोड्या वेळाने तिने मला खाली बसायला जागा करून दिली आणि आपण होऊन सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिला एक मुलगा होता, विनू. तेव्हा ती सेविका म्हणून नवीनच लागली होती, आणि तालुक्याला सुदृढ बालक स्पर्धा भरली होती. तिने विनूला नवं झबलं घालून नेलं. त्याचा पहिला नंबर आला. सगळ्यांसमोर स्टेजवर बोलावलं, कोणीतरी माईक पुढे धरला आणि विचारलं, बाळ कोणाचं?

"मी सांगितलं," जमनाताई म्हणाली. "केवढ्यानं सांगितलं. पाक शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. माझा, म्हटलं, माझा."

तो पुढच्या पावसाळ्यात गेला. ताप आला, बोटी बंद, रस्त्यावर पाणी, आणि दीड वर्षाचं पोर.

"मग तो यायला लागला. दिवेलागणीला. लहान हाय ना, एकटा करमत नाय. खेळायला कोणतरी हवं. गावातली पोरं जायला लागली तेव्हा मला कळलं, हा नेतोय." हे तिने अगदी कामाच्या गोष्टीसारखं सांगितलं. "मी काय केलं, पोरं विकत घेतली. माझी झाली म्हणजे त्याची भावंडं झाली. भावाबहिणीला तो नाय नेत. स्वभावानं चांगला हाय. नुसता बघून जातो."

गावात गेलेली पोरं कशाने गेली, ते मला आकडेवारीसकट माहीत होतं. न्यूमोनिया, कमी वजन, दोन बाळंतपणांत न राखलेलं अंतर. ते तिलाही माहीत होतं, माझ्याहून चांगलं. त्यासाठीच ती दिवसभर अंडी गिळायला लावत होती. आणि संध्याकाळी दारात बसून स्वतःच्या पोराला परत पाठवत होती. दोन्ही कामं तिला सारखीच खरी होती. मला तिचं फार वाईट वाटलं आणि थोडी भीतीही वाटली, हे खरं सांगते.

धोंडी वाचली. महिन्याभरात तिच्या गालावर मांस आलं. जमनाताईने तिला झाईत परत आणताना सगळ्या गावाला ऐकवलं, "नुसतं माकड झालंय." पोर बोलायला लागली तशी जमनाताईला आई म्हणायला लागली आणि लताला बाय. लता त्या हाकेला हसून ओ द्यायची. मला ते बघवत नसे, पण त्या दोघी आनंदात होत्या, आणि शिध्याचं मी जमनाताईला पुढे करून कसंतरी भागवत होते. मुलीच्या पैशांचा अर्ज तसाच पडून होता. जावळ काढून झालं, परत घ्यायची वेळ झाली, तरी लता घेईना. "आणखी थोडी मोठी होऊ दे," ती म्हणायची. बाकी सगळ्या बायकांनी आपापली मुलं नारळ-साडी देऊन नेली होती. जमनाताईच्या नावावर एकटी धोंडी उरली.

गेल्या वर्षी जमनाताईचं पोट दुखायला लागलं. आधी तिने कोणाला सांगितलं नाही. मग मी वलसाडला नेऊन दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि तिला बाहेर बसवलं, तेव्हाच तिला सगळं समजलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "लताला सांगायला पायजे."

मला वाटलं, निरोप द्यायचाय. तसं नव्हतं. तिने लताला समोर बसवलं, मी तिथेच होते, आणि म्हणाली, "लता, मी जाणार आता. पोरीला घे परत."

लता पांढरी पडली. "ताई, मला भ्या वाटतं."

"मला पण वाटतं. पण ऐक. मी गेले तेव्हा ही माझीच असली, तर माझ्या मागं येईल. लेक आईमागं जाते. मी तिला नको म्हटलं तरी येईल. तू उरशील दाई."

"आणि घेतली आणि त्यानं बघितलं तर?"

"त्याचं मी बघते," जमनाताई म्हणाली. "तू तुझं बघ."

लता त्या दिवशी हो म्हणाली नाही. त्यानंतरच्या आठवड्यातही नाही. जमनाताई दिवसेंदिवस काटकुळी होत होती आणि लता रोज तिच्यासाठी पेज घेऊन यायची, पाय चेपायची, रडायची, पण तो शब्द काढायची नाही. मी तिच्यावर ओरडले. जमनाताईने मला गप्प केलं. "ओरडून काय होतंय? दोन गेलीत तिची. तुझं एक तरी गेलंय?" माझं गेलेलं नव्हतं.

मग तळासरीला शिबिर लागलं. राहिलेले सगळे अर्ज एकाच दिवशी निकाली काढायचे, आईने मुलीला घेऊन यायचं, तिथेच चेहरा, तिथेच सही. मी लताला कळवलं आणि आशा सोडली. पण सकाळी मंडपात बघते तर तिघी आलेल्या. जमनाताईला धड उभं राहवत नव्हतं. लताच्या हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि नवी साडी. मंडपाच्या मागे, झाडाखाली, लताने ते जमनाताईच्या ओटीत घातलं. जमनाताईने धोंडीचा हात सोडवून लताच्या हातात दिला आणि म्हणाली, "दिली. आता मागं वळून बघायचं नाय. तू पण नाय, मी पण नाय."

टेबलाशी बसलेला मुलगा कामाला जुंपलेला होता, त्याने मान वर न करता विचारलं, "आई कोण?"

रांग मोठी होती. मागच्या बाया बोलत होत्या, कोणाचं तरी पोर रडत होतं. लताचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"आई कोण हिची? पुढे या."

"मी," लता म्हणाली. मग तिने पदर डोक्यावरून मागे सारला, चेहरा मोबाईलसमोर धरला आणि मोठ्याने म्हणाली, "माझी. माझी मुलगी हाय." मंडपात दोन-चार जणींनी वळून पाहिलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या मुलाने सांगितलं, "ताई, डोळे उघडे ठेवा, फोटो येत नाहीये."

जमनाताई तोवर उठून चालायला लागली होती. मी तिच्यामागे गेले, तिची पिशवी घेतली. आम्ही गेटपाशी पोचलो असू, मागून धोंडीची हाक आली. "आई, ए आई." पोर धावत निघाली होती. जमनाताईची पाठ मला दिसत होती. ती थांबली नाही. पाऊल जरा अडखळलं, पण थांबली नाही. धोंडी आणखी जोरात ओरडली. मग लताचा आवाज आला, "ओ. आले गं, ओ." इतक्या दिवसांत आई या हाकेला तिने पहिल्यांदा ओ दिली. पोर गोंधळून गप्प झाली असावी. मी मागे पाहिलं नाही, कारण जमनाताईने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

स्टँडवर झाईची गाडी लागलेली होती. मी तिला आधार देऊन चढवलं, दोघांच्या सीटवर खिडकीशी बसवलं. "मी येते ना सोडायला," मी म्हटलं.

"नको. तू जा. शिबिरात तुझं काम पडलंय."

ऊन चांगलं होतं, गाडी अर्धी रिकामी होती. तिचा चेहरा दुखण्याने पिवळा पडला होता, पण ती मला बरी वाटली. हलकी वाटली. ओटीतली साडी आणि नारळ पिशवीत घालून तिने पिशवी मांडीवर घेतली होती. कंडक्टर पुढून तिकिटं काढत आला.

"झाई," जमनाताई म्हणाली. "एक बाईचं, नी एक पोराचं."

कंडक्टर मशीनची बटणं दाबत होता. "पोर केवढं आहे?"

"दीड वर्षाचा."

"मग त्याला तिकीट नाही लागत, आजी. मांडीवर घ्या." त्याने एक तिकीट फाडून तिच्या हातात दिलं आणि मागच्या सीटकडे गेला.

जमनाताईने मांडीवरची पिशवी उचलून माझ्याकडे दिली. "ही वर ठेव, बाय," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून दोन्ही हात मांडीवर घेतले. मी पिशवी वर ठेवली आणि खाली उतरले.